विजेचा ट्रक जबलपूरहून निघेल, पण नागपूरला पोचेल का?

डिझेलचे भाव चढले की भाजीपासून सिमेंटपर्यंत सगळेच महागते. मग मालाचे ट्रक विजेवर का चालवू नयेत? प्रश्न सोपा आहे, पण त्याचे उत्तर मात्र वजन, अंतर, हप्ता आणि हिशेबाच्या वहीत दडलेले आहे. जबलपूरच्या घमापूर भागातल्या एखाद्या ट्रकमालकाच्या नजरेने मांडलेला हा हिशेब.

हिवाळा लागला की जबलपूरच्या मटाराचे ट्रक नागपूरच्या वाटेला लागतात. शहापुरा आणि पाटण भागातला हा हिरवा मटार नागपूरच्या बाजारात उतरतो आणि पुढे कुठल्या कुठे जातो. परतीच्या वाटेवर तेच ट्रक संत्री, किराणा, यंत्रांचे सुटे भाग, असे जे मिळेल ते भरून येतात. भोसल्यांच्या काळापासून जबलपूर आणि नागपूर यांचे येणेजाणे आहे. १९५६ पर्यंत तर नागपूर ही याच प्रांताची राजधानी होती. नोकरीच्या निमित्ताने इथे येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही थोडी नाहीत. त्यांच्या घरातला नागपूरचा चिवडा आणि मुंबईचे औषधसुद्धा बहुधा ट्रकनेच आलेले असते.

घमापूर हा शहरातला जुना, दाट वस्तीचा, कष्टकऱ्यांचा भाग. इथून कांचघरवरून रांझीकडे, म्हणजे संरक्षण खात्याच्या कारखान्यांकडे रस्ता जातो. ट्रक ही या शहराला नवी गोष्ट नाही. सैन्याचा प्रसिद्ध ‘शक्तिमान’ ट्रक १९५९ मध्ये इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीत तयार होऊ लागला. पुढे त्यासाठी व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि हजारो घरांची चूल तिच्यावर पेटली. ज्या शहराने देशाला ट्रक दिले, त्या शहराला आता विजेच्या ट्रकचा विचार करायचा आहे. मध्य प्रदेश सरकारने २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि उज्जैनबरोबर जबलपूरलाही ‘आदर्श विद्युत वाहन शहर’ करण्याचे ठरवले आहे.

पण धोरणाने ट्रक चालत नाही. तो चालतो भाड्याच्या हिशेबावर.

एका लिटरची ताकद

डिझेल इतकी वर्षे टिकून का राहिले, हे आधी समजून घेऊ. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. इंजिन त्यातली फार तर चाळीस टक्के चाकापर्यंत पोचवते, बाकीची उष्णता आणि धूर होऊन उडून जाते. म्हणजे लिटरमागे हाती उरतात चार युनिटे. माल भरलेला मोठा ट्रेलर लिटरला सुमारे तीन किलोमीटर जातो असे धरले, तर किलोमीटरला एक-सव्वा युनिटाहून थोडी अधिक ऊर्जा लागते.

विजेच्या ट्रकची मोटर यापेक्षा कितीतरी काटकसरी असते. बॅटरीतल्या शंभर युनिटांपैकी पंच्याऐंशी-नव्वद युनिटे ती चाकाला देते. मग अडते कुठे? अडते बॅटरीच्या वजनात. एक लिटर डिझेल एक किलोपेक्षाही हलके असते. तेवढेच काम करणारी बॅटरी तीस किलोहून जड भरते.

आपल्याकडे मिळणाऱ्या ५५ टनी विजेच्या ट्रकचे उदाहरण घ्या. मुरुगप्पा समूहाच्या ‘मॉन्ट्रा’ कंपनीच्या ‘ऱ्हायनो’ ट्रकमध्ये २८२ युनिटांची बॅटरी असते. एकदा पूर्ण भरली की तो सुमारे १९८ किलोमीटर जातो, असे कंपनी सांगते. म्हणजे किलोमीटरला १.४ युनिट. ट्रकांत वापरतात त्या जातीची एवढी बॅटरी दोन टनांच्या आसपास भरते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी निघून गेल्याने काही वजन वाचते हे खरे, तरीही टनभर माल कमी भरावा लागतो.

‘एक टनाने काय बिघडते?’ असे आपल्याला वाटेल. पण २०१८ मध्ये केंद्र सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हाही कमाल मर्यादा ५५ टनांवरच ठेवली. ट्रकचे स्वतःचे वजन वाढले की तेवढा माल उतरवावा लागतो. कापूस किंवा फरसाणासारख्या हलक्या मालाला त्याने फरक पडत नाही, कारण तिथे वजनाआधी जागा भरते. सिमेंट, लोखंड, गहू यांना मात्र फरक पडतो, कारण त्यांचे भाडे टनावर मिळते. म्हणून युरोपात २०१९ मध्ये धूर न सोडणाऱ्या ट्रकांना दोन टनांपर्यंत जादा वजनाची सूट दिली गेली.

सिवनीचा चढ आणि कुरईचा उतार

आता हा ट्रक जबलपूरहून नागपूरला न्यायचा आहे असे समजू. अंतर साधारण २७० किलोमीटर. लखनादौन, सिवनी, खवासा, मनसर असा हा रस्ता आहे. किलोमीटरला १.४ प्रमाणे ३७८ युनिटे लागतील आणि बॅटरीत आहेत २८२. म्हणजे मध्ये एकदा थांबून बॅटरी भरल्याशिवाय नागपूर गाठता येत नाही. हे थांबणे कुठे, तर साहजिकच सिवनीला. कारण ते बरोबर निम्म्या वाटेवर आहे.

शिवाय रस्ता सपाट नाही. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, सिवनी सहाशेच्या वर आणि नागपूर तीनशेच्या थोडे वर. ५५ टनांचा बोजा दोनशे मीटर वर चढवायला नुसत्या उंचीपोटी तीस युनिटे जातात. परतीला नागपूरहून सिवनी चढताना पंचेचाळीस. बॅटरीचा सहावा हिस्सा घाटानेच खाल्ला!

पण इथेच विजेचा एक मोठा गुणही दिसतो. उतारावर डिझेलचा ट्रक ब्रेक तापवत उतरतो. विजेच्या ट्रकची मोटर उतारावर उलट काम करून वीज बनवते आणि ती बॅटरीत परत जाते. चढताना गेलेल्यातला बराच भाग कुरईचा घाट उतरताना परत मिळतो आणि ब्रेकचे लायनरही वाचतात. ही युक्ती नवी नाही. मुंबई–पुण्याच्या बोरघाटात १९२८ च्या सुमारास आलेली विजेची मालगाडीची इंजिने उतरताना वीज तारेत परत सोडत असत. जे रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी केले, ते ट्रकच्या वाट्याला आता येत आहे.

प्लग लावला, पुढे काय?

सिवनीला ट्रक थांबला. वीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भरायला १७० युनिटे हवीत. मोटारगाड्यांसाठी असतो तसा ६० किलोवॉटचा चार्जर मिळाला, तर जवळजवळ तीन तास. १८० किलोवॉटचा मिळाला, तर तासभर. डिझेल भरायला पंधरा मिनिटे पुरतात. मटार भरलेल्या ट्रकला पहाटेच्या लिलावाआधी मंडईत पोचायचे असते. तीन तास उशीर झाला तर भाव उतरतो, आणि भाव उतरला तर व्यापारी पुढच्या वेळी डिझेलचाच ट्रक बोलावतो.

म्हणाल, मोठे चार्जर लावावेत. जरूर लावावेत. पण २४० किलोवॉटचे दहा चार्जर एकदम चालू झाले तर २,४०० किलोवॉटचा भार होतो. घरटी तीन किलोवॉट धरले तर हा आठशे घरांचा भार आहे! त्यासाठी उच्चदाबाची वाहिनी, वेगळे रोहित्र, मोठी जागा आणि वीज कंपनीची मंजुरी लागते. त्यावर दरमहा स्थिर आकार द्यावा लागतो, ट्रक येवोत की न येवोत. म्हणून ट्रक नाहीत तर चार्जर लावायला कोणी धजत नाही, आणि चार्जर नाहीत तर ट्रक घ्यायला कोणी धजत नाही. आधी कोणी पाऊल टाकायचे, यावरच गाडे अडते.

मध्य प्रदेशातल्या बऱ्याच सरकारी वीज कंपन्यांची मुख्यालये जबलपूरलाच, रामपूरच्या शक्ती भवनात आहेत. तेव्हा हा पेच सोडवण्याची सुरुवात याच शहरातून व्हायला हरकत नाही.

वहीतला हिशेब

आता पैशांकडे वळू. पुढचे आकडे ठोकळ आहेत, पण वाचकांना वहीत मांडून पाहता येतील.

डिझेल लिटरला नव्वद रुपये आणि लिटरला तीन किलोमीटर धरले, तर किलोमीटरला तीस रुपये होतात. विजेच्या ट्रकला १.४ युनिट, त्यात भरताना वाया जाणारे धरून १.५५ युनिट. स्वतःच्या आवारात दहा रुपये युनिटाने वीज मिळाली, तर किलोमीटरला साडेपंधरा रुपये. म्हणजे दर किलोमीटरला साडेचौदा रुपयांची बचत! वाचूनच कोणाचेही डोळे चमकतील.

पण डिझेलचा मोठा ट्रक चाळीस लाखांच्या आसपास मिळतो आणि तसाच विजेचा ट्रक एक कोटीच्या वर जातो. फरक सत्तर लाख रुपयांचा धरू. हे सत्तर लाख दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले, तर दरमहा हप्ता सुमारे एक लाख सोळा हजार, वर्षाला जवळजवळ चौदा लाख. साडेचौदा रुपयांच्या बचतीतून हा हप्ता फेडायचा तर ट्रक वर्षाला ९६ हजार किलोमीटर धावला पाहिजे. वर्षात तीनशे दिवस काम धरले, तर रोज ३२० किलोमीटर. म्हणजे रोज किमान दोनदा बॅटरी भरणे आणि एकही दिवस माल नाही म्हणून उभे न राहणे.

सरकारी अनुदानाने हा भार हलका होतो. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ट्रकांसाठी ५०० कोटी रुपये वेगळे काढले आहेत. जुलै २०२५ मध्ये नियम जाहीर झाले, त्यांत सुमारे ५,६०० ट्रकांना मदत देण्याचे ठरले आणि एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये मिळतात. कंपनीने बॅटरीची पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटरची हमी द्यावी, अशीही अट आहे. हे अनुदान वजा केले तर हप्ता वर्षाला बारा लाखांवर येतो आणि ट्रकने रोज २७७ किलोमीटर धावले तरी पुरते. मात्र अनुदानासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला लागतो. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे आणि तोच घर चालवतो, त्याला तो आधी मोडीत काढणे सोपे नाही.

आणखी एक गोम आहे. वीज स्वतःच्या आवारात न मिळता रस्त्यावरच्या चार्जरवर घ्यावी लागली आणि करासह सतरा-साडेसतरा रुपये युनिट पडले, तर किलोमीटरचा खर्च सत्तावीस रुपयांवर जातो. बचत उरते जेमतेम तीन रुपये. मग हप्ता फेडायला ट्रकला वर्षात साडेचार लाखांहून अधिक किलोमीटर धावावे लागेल, आणि ते कोणालाच जमणारे नाही. थोडक्यात, विजेच्या ट्रकचा नफा मोटरमध्ये नसून वीज कुठे आणि काय भावाने मिळते, यात आहे.

करांचेही गणित बदलले आहे. विजेच्या वाहनांवर ५ टक्के आणि ट्रकांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ पासून ट्रकांवरचा कर १८ टक्क्यांवर आला. सर्वसाधारण ट्रकमालकासाठी ही चांगली बातमी ठरली, पण विजेच्या ट्रकला मिळणारा तुलनेतला फायदा त्यामुळे दहा टक्क्यांनी घटला. महाराष्ट्राने २०२५ मध्ये अटल सेतू आणि द्रुतगती मार्गांवर विजेच्या मोटारी व बसगाड्यांना पथकर माफ केला, त्यात मालवाहू गाड्या मात्र आल्या नाहीत. बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परवाना लागत नाही, ही २०१८ ची सवलत तेवढी जमेची बाजू आहे.

क्लीनर, ड्रायव्हर, मालक

या सगळ्या आकड्यांमागे माणसे आहेत. आपल्या देशात बहुतेक ट्रकमालकांकडे पाचपेक्षा कमी ट्रक असतात. कित्येकांकडे एकच, आणि तो चालवणाराही मालक स्वतःच.

हा मालक होतो कसा? मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना ‘उस्ताद’च्या हाताखाली क्लीनर म्हणून लागतो. टायर बदलतो, ताडपत्री बांधतो, रात्री ट्रकखाली झोपतो. काही वर्षांनी ड्रायव्हर होतो. बायकोचे दागिने, गावाकडची थोडी जमीन आणि सावकाराकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कर्ज, असे करून जुना ट्रक घेतो. हा जुना ट्रक म्हणजे मोठ्या वाहतूक कंपनीने सहा-सात वर्षे वापरून विकलेला. कंपनीचा जुना ट्रक हा गरिबाचा नवा ट्रक असतो. शिडी अशी उभी आहे, आणि हजारो घरे तिच्यावरून वर आली आहेत.

विजेच्या ट्रकने ही शिडी कशी टिकेल, हा खरा प्रश्न आहे. सात वर्षे वापरलेल्या डिझेल ट्रकचे इंजिन मेकॅनिकने खोलून बांधले की तो आणखी दहा वर्षे धावतो. सात वर्षे वापरलेल्या बॅटरीत किती दम उरला आहे, हे नुसते पाहून वा आवाज ऐकून कळत नाही. तिची किंमत कशी ठरवायची, हे फायनान्स कंपनीलाही नीट ठाऊक नाही. म्हणून ती व्याज जास्त लावते किंवा कर्जच नाकारते. जुन्या ट्रकचा बाजार बसेपर्यंत विजेचा ट्रक मोठ्या कंपन्यांचाच राहील आणि एका ट्रकवर संसार उभा करणारा माणूस बाहेर पडेल.

मेकॅनिकचेही तसेच. पंप दुरुस्त करणारे, पाटे बसवणारे, क्लचप्लेट बदलणारे असे किती तरी कारागीर ट्रकवर जगतात. पाटे, टायर आणि ब्रेक विजेच्या ट्रकलाही असतात, पण पंप, क्लच आणि इंजिन जाते. मोटर बिघडली की कंपनीचा तंत्रज्ञ संगणक घेऊन येईपर्यंत ट्रक उभा. रांझी आणि घमापूरच्या मुलांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत हे काम वेळीच शिकवले, तर मात्र हीच अडचण रोजगाराची संधी होऊ शकते. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या ट्रक बांधले गेले, तिथे हात तयारच आहेत.

ड्रायव्हरच्या दृष्टीने पाहिले तर विजेचा ट्रक सुखाचा आहे. गिअर बदलायचे कष्ट नाहीत, इंजिनाची धग नाही, कानठळ्या नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जबलपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ही चैन नव्हे, गरज आहे. पण पगार फेरीवर असेल, तर चार्जरजवळ तिष्ठण्यात गेलेला वेळ कोणाचा? ड्रायव्हरचा. त्याची भरपाई भाड्यात धरली नाही, तर सुखाच्या केबिनमध्ये बसून तो कमी कमावेल आणि घरी उशिरा पोचेल.

जिथे गणित जुळते

एवढे वाचून ‘म्हणजे हे सारे फुकटच’ असा समज कोणी करून घेऊ नये. जिथे अंतर ठरलेले, माल ठरलेला, रस्ता ठरलेला आणि दोन्ही टोकांना वीज आपली, तिथे विजेचा ट्रक आजही जमतो.

असे उदाहरण आपल्याच दोन राज्यांत आहे. अल्ट्राटेक सिमेंट कंपनीने मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या कारखान्यातून महाराष्ट्रातल्या धुळ्याच्या कारखान्यापर्यंत क्लिंकर नेण्यासाठी विजेचे ट्रक लावले. आधी पाच ट्रकांनी अनुभव घेतला, मग शंभर ट्रकांचे ठरवले. नर्मदा ओलांडून, सातपुडा चढून-उतरून हा माल खानदेशात येतो. माल रोजचा, टोके दोन आणि ती दोन्ही एकाच कंपनीची. म्हणून हप्त्याचे किलोमीटर पुरे होतात.

दुसरे उदाहरण उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराचे. तिथे २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणाऱ्या पन्नास जड ट्रकांचा ताफा सुरू झाला. रिकामी बॅटरी काढायची, भरलेली बसवायची आणि निघायचे. काही मिनिटांचे काम. त्याच वर्षी चाकणच्या ब्लू एनर्जी मोटर्सनेही असा ट्रक आणला. या पद्धतीत आणखी एक सोय आहे. बॅटरी भाड्याने घेता येते, त्यामुळे ट्रकची किंमत बरीच खाली येते आणि जुन्या बॅटरीची काळजी मालकाच्या डोक्यावरून उतरते. सिवनीला असे एक ठिकाण झाले, तर मटाराच्या ट्रकचे तीन तास वाचतील. फक्त सगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकाच मापाच्या हव्यात. गॅसचे सिलिंडर कुठल्याही घराच्या शेगडीला जसे लागते, तसे.

चीनमध्ये ही पद्धत जोरात आहे. २०२५ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या जड ट्रकांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक ट्रक विजेवरचे होते. याउलट, मोठी स्वप्ने घेऊन निघालेल्या कंपन्यांची गत पाहा. युरोपातली व्होल्टा ट्रक्स २०२३ मध्ये आणि अमेरिकेतली निकोला फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. इंग्लंडात दूध पोचवणाऱ्या विजेच्या गाड्या मात्र अनेक दशके पहाटेच्या वेळी निमूटपणे फिरत राहिल्या. फेरी छोटी, वाट रोजची आणि रात्री घरी परत. यशाचे गमक त्यातच होते.

शहरातल्या छोट्या टेंपोला हेच लागू पडते. टाटाची ‘एस प्रो’ जून २०२५ मध्ये आली, तेव्हा पेट्रोलवर ३ लाख ९९ हजारांना आणि विजेवर साडेसहा लाखांना होती. फरक अडीच लाखांचा. घमापूरहून मंडई, मंडईतून दुकाने, असे रोज सत्तर किलोमीटर फिरणे झाले आणि किलोमीटरला चार रुपये वाचले, तर वर्षाला ऐंशी हजारांच्या वर शिल्लक पडते. तीन वर्षांत फरक वसूल. रात्री घरी लावून ठेवली की सकाळी तयार. ज्याला विजेच्या मालवाहतुकीत पाय टाकायचा आहे, त्याने तो इथे टाकावा.

धूर गेला, पण कोळसा?

सरकारच्या म्हणण्याप्रमाणे देशातल्या एकूण वाहनांत डिझेल ट्रक अवघे तीन टक्के आहेत, पण वाहतुकीतून निघणाऱ्या हरितगृह वायूंत त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. तेव्हा ट्रक बदलल्याशिवाय सुटका नाही.

मात्र वीज कशातून येते हेही पाहायला हवे. आपली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. एका युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर विजेच्या मोठ्या ट्रकचा हिशेब किलोमीटरला एक किलोच्या थोडा वर जातो. डिझेलच्या ट्रकचाही, तेल काढण्या-गाळण्याचे धरून, जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे आजच्या घडीला धूर घमापूरच्या चौकातून उठून सिंगरौलीच्या चिमणीत गेला, एवढेच. चौकातल्या मुलांच्या छातीला तोही दिलासा मोठा आहे. पण खरा फायदा ट्रक सूर्याच्या विजेवर धावू लागल्यावरच होईल. मध्य प्रदेशाला ते अवघड नाही. २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला रीवाचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प जबलपूरपासून फार दूर नाही.

आणि विजेवर चालणारी मालवाहतूक आपल्या दाराशी आधीपासून आहेच. तिचे नाव रेल्वे! तिला बॅटरी नको, वर तार आहे. १८७० मध्ये मुंबईकडून आणि कोलकात्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरलाच जोडले गेले. गोंदियाकडे जाणारी जुनी छोटी लाइनही आता रुंद झाली आहे. लांबचा जड माल रेल्वेने आणि स्थानकापासून दुकानापर्यंतचा माल विजेच्या ट्रकने, अशी वाटणी झाली तर दोघांचीही सोय होईल. रेल्वेने मात्र छोट्या व्यापाऱ्याच्या दहा पोत्यांनाही जागा द्यायला हवी.

घेण्यापूर्वी पाच प्रश्न

कोणी विजेचा ट्रक घेण्याचा विचार करत असेल, तर घरच्यांसह बसून पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत.

१. माझी फेरी रोज ठरलेली आहे का, आणि एका भरणात किती टक्के पुरी होते?

२. वीज कुठे घेणार, माझ्या आवारात की रस्त्यावर? युनिटाचा भाव करासह काय पडेल?

३. वर्षाला हप्ता फेडण्याइतके किलोमीटर भरतील, असा लेखी करार माल देणाऱ्याने केला आहे का?

४. बॅटरीची हमी किती वर्षांची, आणि तिची क्षमता कितीने घटली म्हणजे कंपनी ती बदलून देईल?

५. ट्रक वाटेत बंद पडला तर दुरुस्तीला माणूस किती तासांत येईल?

पाचांपैकी चारांची उत्तरे समाधानकारक असतील तर पुढे जावे. दोनच असतील, तर आणखी दोन-तीन वर्षे थांबण्यात कमीपणा नाही. बॅटरीच्या किमती उतरत आहेत आणि चार्जर वाढत आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्याकडच्या मोटारी मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर धावल्या होत्या. गरज पडली की गाडीवाला वाट काढतोच. या वेळी फक्त इतकेच बघायचे की ती वाट मोठ्या कंपन्यांपुरती रुंद आणि एका ट्रकवाल्यासाठी अरुंद होऊ नये. स्वस्त वीज, भाड्याची बॅटरी आणि जुन्या ट्रकला मिळणारे कर्ज या तीन गोष्टी सरकारने आणि बँकांनी जुळवून दिल्या, तर जबलपूरचा मटार विजेवर नागपूरला जाईल, आणि तो नेणारा ड्रायव्हर उद्या त्या ट्रकचा मालकही होऊ शकेल.